मधली लाईन

इंग्रजी भाषेतून जे शब्द आपल्याकडे आले, त्यांपैकी काही पाहुण्यासारखे आले आणि पाहुण्यासारखेच ओसरीवर बसून राहिले. काही मात्र चपला काढून सरळ माजघरात शिरले आणि घरजावई झाले. घरजावयाचे एक लक्षण असे की, त्याच्यावाचून पूर्वी घर कसे चालत होते हे काही दिवसांनी कोणासच आठवत नाही. अशा घरजावयांत ‘लाईन’ या शब्दाचा मान आम्ही फार वरचा समजतो. या शब्दाने आमच्या घरात काय केले, त्याची ही हकीकत आहे. ती आमच्या शहाणपणाची नाही, हे आरंभीच सांगितलेले बरे.

आमचे मूळ गाव सौसर, आणि आत्याचे सासर पांढुर्णा. सातपुड्याच्या दक्षिण उतारावरील ही दोन्ही गावे मध्य प्रदेशात आहेत. घरात मराठी आणि कचेरीत हिंदी, असा तेथील नित्याचा क्रम आहे. नोकरीच्या निमित्ताने आमचे आयुष्य मुंबईस गेले. परंतु पोळ्याला आत्याकडे जाण्याचा रिवाज आम्ही होता होईतो चुकविला नाही.

त्या मुलखात एक दिवस राहून कान उघडे ठेवले, तर ‘लाईन’ या एका शब्दाचा केवढा संसार आहे ते कळते. पहाटे कोणी हाक मारून विचारतो, “लाईन आली का?” म्हणजे वीज आली का. ती आली असेल तर शेतकरी अंथरुणातून उठून वावराकडे धावतो, कारण मोटार चालवून संत्र्याला पाणी देण्याची तीच वेळ असते. वावरात गेल्यावर पाणी ज्यातून वाहते तीही लाईन. ती फुटली तर नळवाला हवा, आणि खांबावरची तुटली तर लाईनमन हवा. दुपारी रेशनच्या दुकानासमोर लाईन लागते. जामसावळीच्या निजलेल्या मारुतीच्या दर्शनाला मंगळवारी आणि शनिवारी लाईन लागते. तेथे कोणी मध्येच घुसला, की मागचा भाविक देवासमोरच त्याला ‘लाईनीवर’ आणतो. मुलीसाठी स्थळ सांगून आले, की “मुलगा कोणत्या लाईनीत आहे?” असे विचारावयाचे. मुलगा लाईनीस लागला म्हणजे पोटापाण्याला लागला, आणि तोच मुलगा रस्त्यावर उभा राहून लाईन मारू लागला म्हणजे वाया गेला. पोलिसांची वस्ती ती पोलीस लाईन. दूरध्वनीवर “लाईनवर राहा” म्हणतात, आणि आता तर जमिनीचा खसरादेखील ऑनलाईन पाहावयाचा असतो. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत माणसाचे पाणी, प्रकाश, अन्न, देव, लग्न आणि जमीन ही सर्व या तीन अक्षरांच्या शब्दाने बांधून टाकली आहेत.

हा शब्द आमच्या भागात बहुधा आगगाडीबरोबर आला असावा. निदान आमच्या लहानपणी नुसती ‘लाईन’ म्हटली की रूळच डोळ्यांपुढे येत. लाईन दोन प्रकारची होती. पांढुर्णा हे नागपूर-इटारसी या मोठ्या मार्गावर असल्यामुळे तेथे ‘बडी लाईन’, आणि सौसर हे नागपूर-छिंदवाडा या अडीच फूट रुंदीच्या मार्गावर असल्यामुळे तेथे ‘छोटी लाईन’. आत्याचे लग्न ठरले, तेव्हा “पोरगी बड्या लाईनीवर पडली” असे आजी मोठ्या समाधानाने सांगत असे. ती छोटी गाडी घाटात इतकी सावकाश चढे की, धीट मुले खाली उतरून पुन्हा चढत, असे वडीलधारी मंडळी सांगत. रूळ रुंद करण्यासाठी २०१५ च्या अखेरीस ती बंद झाली, आणि पुढे तेथे मोठे रूळ आले. आता छोटी लाईन असे म्हटले तर नातवंडांना ते समजावून सांगावे लागते.

परंतु आमच्या मुलखातील सर्वांत मोठी लाईन रुळांची नव्हे, तारेचीही नव्हे. ती नकाशावरची आहे. पूर्वी मध्यप्रांत आणि वऱ्हाड हा एकच प्रांत होता आणि नागपूर ही त्याची राजधानी होती. १९५० नंतर त्याचेच नाव मध्य प्रदेश झाले, तरी राजधानी नागपूरच राहिली. म्हणजे आमच्या आजोबांनी कोर्टकचेरीसाठी, औषधासाठी आणि लुगड्यांच्या खरेदीसाठी ज्या नागपूरची वाट धरली, ते त्यांच्याच प्रांताचे मुख्य शहर होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली. नागपूर, वर्धा, चांदा, भंडारा, अमरावती, अकोला, यवतमाळ आणि बुलढाणा हे आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यास जोडले गेले. छिंदवाडा जिल्हा नव्या मध्य प्रदेशात राहिला, आणि त्याच्या पोटात असलेले सौसर आणि पांढुर्णा हे मराठी बोलणारे भागही तिकडेच राहिले. कोणीही घर बदलले नाही, पण राजधानी भोपाळ झाली. आजोबा म्हणत, “आम्ही कुठं गेलो नाही, लाईनच आमच्या अंगावरून गेली.”

आमच्या कोंकणी वाचकांना अशा रेषांचा अनुभव आमच्याहून पुष्कळ जुना आहे. सोळाव्या शतकात श्रीमंगेश कुशस्थळीहून नदीपलीकडे प्रियोळास आले आणि श्रीशांतादुर्गा केळोशीहून कवळ्यास आली. देव पलीकडे गेले, भक्तांची घरे कित्येकदा अलीकडेच राहिली, आणि तरीही कुळाचे नाते तुटले नाही. जेथे नदीवरून देव नेले, तेथे माणसांनी नातीही नेली. आमच्याकडे मात्र देव जागचे हलले नाहीत. हलली ती फक्त रेघ.

या रेघेमुळेच ‘लाईन’ हा शब्द आमच्या मुलखाला विशेष सोयीचा झाला, असा आमचा तर्क आहे. बाजारात एक माणूस हिंदीत बोलतो आणि दुसरा मराठीत. ‘रांग’ म्हटले तर एकास अडते, ‘कतार’ म्हटले तर दुसऱ्यास अडते. ‘लाईन’ म्हटले की दोघांसही समजते आणि कोणाचाही मानभंग होत नाही. जो शब्द कोणाचाच नाही, तो सर्वांचा होतो. दोन भावांच्या भांडणात तिऱ्हाईताला पंच नेमावे, तसा हा साहेबी शब्द आम्ही दोन भाषांमध्ये पंच म्हणून नेमला. सोय मोठी झाली यात शंका नाही. परंतु पंच जेव्हा दोन्ही पक्षांना “तुमचेच खरे” असे सांगू लागतो, तेव्हा काय होते, ते आमच्या घराने पाहिले.

१९८८ साली, दसऱ्याच्या सुमारास, आमच्या आजोबांनी जिवंतपणी दोन मुलांत वावराची वाटणी केली. आमचे वडील धाकटे. थोरल्या चुलत्यांस आम्ही तिकडच्या पद्धतीप्रमाणे मोठेबाबा म्हणत असू. आत्याने हक्कसोडीच्या कागदावर सही करून दिली होती, त्यामुळे वाटणीच्या बैठकीत तिला बोलण्याचे कारण उरले नव्हते. ती दाराआड चहा करीत बसली होती. वावराच्या मध्यभागातून तीन गोष्टी जवळजवळ एकीला एक लागून जात होत्या. एक नवा धुरा, म्हणजे दोन हिश्श्यांमधील बांध. दुसरी, धुऱ्याच्या आमच्या बाजूला उभी असलेली बावीस संत्र्यांची ओळ. ती झाडे ऐन भरात आलेली होती. तिसरी, त्या ओळीच्या बुडाजवळून विहिरीचे पाणी खाली नेणारा जमिनीतील नळ. आजोबांनी आपल्या मनातले सांगितले, दोघा भावांनी माना डोलावल्या, आणि मंडळी तहसिलीतील एका अर्जनविसाकडे जाऊन कागद करून आली. कागद अर्थातच हिंदीत होता. त्यातील एक वाक्य असे होते : “बीच की लाइन बड़े भाई की रहेगी.”

मधली लाईन थोरल्या भावाची राहील. पण कोणती लाईन?

मृग बहाराची फळे तोडणीला येण्यापूर्वीच आजोबा गेले. तोडणीच्या वेळी मोठेबाबा टोपल्या घेऊन त्या बावीस झाडांपाशी आले, आणि वडील घरी येऊन गप्प बसले. त्यांच्या मनात काय होते ते ते बोलले नाहीत. बोललो आम्ही. आम्ही त्या वेळी तिशीचे होतो, मुंबईत नोकरीस होतो, आणि इंग्रजी वर्तमानपत्र वाचीत असू. सुट्टीवर आलेल्या अशा मनुष्याला आपले ज्ञान कोठेतरी वापरल्यावाचून चैन पडत नाही. आम्ही कागद मागविला, ते वाक्य दोनदा वाचले, आणि वडिलांस सांगितले, “यात झाडांचा संबंधच नाही. इंग्रजीत झाडांच्या ओळीला रो म्हणतात. लाईन म्हणजे पाइपलाईन. नळ मोठ्याबाबांचा, झाडे धुऱ्याच्या आपल्या बाजूला आहेत, म्हणून ती आपली.”

वडिलांस इंग्रजी येत नव्हते. ते बराच वेळ आमच्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “असं आहे का?” आम्ही म्हणालो, “शब्दच तसा आहे.” दुसऱ्या दिवशी त्यांनी मोठ्याबाबांस तेच सांगितले. मोठेबाबा म्हणाले, “बाबा ओळ म्हणाले होते, तू तिथंच होतास.” वडील म्हणाले, “कागदात ओळ कुठं आहे? लाईन आहे.” मोठेबाबा जे म्हणत होते ते त्यांच्या हिताचे होते, म्हणून आम्ही ते खोटे मानले. आम्ही जे म्हणत होतो तेही आमच्या हिताचे होते, ही गोष्ट मात्र आमच्या ध्यानात आली नाही.

झाडे आमच्याकडे राहिली. पुढील सोळा वर्षे त्या बावीस झाडांची फळे आम्ही विकली. मोठ्याबाबांनी नळ तोडला नाही, पाणीही बंद केले नाही. फक्त आमच्याकडे येणे बंद केले. पोळ्याच्या दिवशी आजोबांच्या दारात दोन्ही घरांचे बैल एकत्र पुजले जात, ते दोन दारांत पुजले जाऊ लागले. लग्नकार्यात एकाच पंगतीला बसणारी आम्ही चुलत भावंडे वेगळ्या पंगतींना बसू लागलो. पंगत हा शब्द पंक्तीपासून आला आहे, आणि पंक्ती म्हणजेही लाईनच. पण त्या लाईनीसंबंधी कोणाच्याही कागदात काही लिहिलेले नव्हते. २००४ च्या सुमारास ती झाडे डिंक्या रोगाने एकामागून एक वाळली आणि तोडली गेली. भांडणाचे कारण चुलीत गेले, पण भांडण राहिले. नंतर मोठेबाबा वारले, मग वडीलही वारले. आम्ही दोन्ही वेळा स्मशानापर्यंत गेलो-आलो; घरापर्यंत कोणीच कोणाच्या गेले नाही.

२०२३ च्या पोळ्याला आम्ही नेहमीप्रमाणे पांढुर्ण्यास आत्याकडे होतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तेथे गोटमार असते. जाम नदीच्या एका तीरावर पांढुर्णा, दुसऱ्या तीरावर सावरगाव. मध्ये पात्रात पळसाचे झाड रोवून त्यावर झेंडा लावतात, आणि तो मिळविण्यासाठी दोन्ही तीरांवरून दगडफेक होते. झेंडा शेवटी चंडीमातेला वाहतात. पिढ्यान्‌पिढ्या हे चालत आले आहे. माणसे दरवर्षी जखमी होतात, काहींचे प्राणही गेले आहेत, आणि तरी दुसऱ्या दिवशी दोन्ही तीरांचे लोक एकमेकांच्या दुकानांत सौदा करतात. आत्याचे वय त्या वेळी ऐंशीच्या पुढे होते. दूरवरून गलका ऐकू येत होता. तिने दार लावून घेतले, आमच्यापुढे भाकरी आणि जवसाची चटणी ठेवली, आणि म्हणाली, “हे लोक एक दिवस गोटे मारतात अन् उद्या बोलतात. तुम्ही एकबी गोटा न मारता पस्तीस वर्षं बोलले नाहीत.”

आम्ही आमची बाजू मांडली. कागद, लाईन, नळ, सारे काही सांगितले. आत्याने ते ऐकून घेतले आणि विचारले, “कागदात का आहे ते मले नको सांगू. बाबा का म्हनले होते?”

आम्ही म्हणालो, “आत्या, ते आम्ही ऐकलेले नाही.”

“मी आयकलं. बाबा म्हनले, ‘मधली ओळ मोठ्याची, नळ दोघाईचा.’ मी दाराआड होती. नळाले कोनी ओळ म्हनते का रे?”

आम्हांस घास गिळेना. आम्ही विचारले की, मग इतकी वर्षे तू बोलली का नाहीस? ती चटणीची वाटी आमच्याकडे सरकवीत म्हणाली, “मले इचारलं कोनी?”

वाचक म्हणतील, हा दोष त्या अर्जनविसाचा. आम्ही तसे समजत नाही. त्या बिचाऱ्याने दोन भाषांमध्ये कोणासही न अडणारा शब्द निवडला. आजोबांनी ‘ओळ’ म्हटले, त्याने ‘लाइन’ लिहिले; त्याच्या दृष्टीने दोन्ही एकच. दोष त्यांचा, ज्यांनी त्या शब्दाच्या अनेक अर्थांतून आपल्या सोयीचा एक वेचून काढला आणि वर त्याला भाषाज्ञानाचे नाव दिले. आणि वडील? त्यांनी आजोबांचे शब्द ऐकले होते. प्रथम ते गप्प बसले, ते बहुधा त्याचमुळे. पण शिकलेला मुलगा इंग्रजी शब्दाचा अर्थ छातीठोकपणे सांगतो म्हटल्यावर त्यांनी स्वतःच्या कानांपेक्षा त्याच्यावर विश्वास ठेवला, की विश्वास ठेवणे त्यांस बरे वाटले, हे आता विचारण्याची सोय राहिलेली नाही. आम्हांस एवढेच ठाऊक आहे की, त्यांस कानांवरून उठविणारे आम्ही होतो.

त्या रात्री झोप आली नाही. मराठीत या एका शब्दाच्या जागी किती शब्द आहेत ते आम्ही मोजीत पडलो. पाटीवर काढतात ती रेघ, भूमितीत येते ती रेषा, वहीवर लिहितात ती ओळ. माणसे एकामागे एक उभी राहतात ती रांग, जेवायला बसतात ती पंगत. वावराच्या कडेला असतो तो धुरा, गावाच्या कडेला शीव, राज्याच्या कडेला सीमा. विजेची असते ती तार, पाण्याचा असतो तो नळ, आगगाडीचा असतो तो रूळ. गवंडी लावतो ते सूत, आणि भिंत सरळ आहे का हे पाहण्यासाठी सोडतो तो ओळंबा. हे सर्व शब्द एकाच घरातले, पण प्रत्येकाचे काम वेगळे आहे. धुरा आणि शीव दोन बाजू करतात. ओळ, रांग आणि पंगत अनेकांना एकत्र धरतात. दिव्यांची ओळ ती दीपावली; दिव्यांची सीमा असे कोणी म्हणत नाही. लक्ष्मणाने पर्णकुटीभोवती काढली ती रेषा. वाल्मीकींच्या अरण्यकांडात ती नाही, मागाहूनच्या रामकथांनी ती काढली. परंतु त्या कथाकारांनीही तिला रेषाच म्हटले, ओळ म्हटले नाही. तोडणारे आणि जोडणारे यांना आपल्या भाषेने वेगळी नावे देऊन ठेविली होती. ‘लाईन’ने दोघांस एकाच खुंटीला टांगले.

इंग्रजांनाही या शब्दाच्या दोन्ही बाजूंचा अनुभव आहे. आज कार्यालयातून ज्या ‘डेडलाईन’ची सर्वांना धास्ती असते, ती मुळात अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळी, १८६४ च्या सुमारास, कैद्यांच्या छावणीत आखलेली हद्द होती. ती ओलांडणाऱ्यास पहारेकरी गोळी घालीत. १९४७ साली सिरिल रॅडक्लिफ या गृहस्थाने पाच आठवड्यांत जी लाईन आखली, तिने पंजाब आणि बंगाल यांचे काय झाले हे सांगावयास नको. पण याच भाषेत बुडणाऱ्याकडे फेकावयाच्या दोरालाही लाईन म्हणतात, मासे धरण्याच्या गळाच्या दोरीलाही लाईन म्हणतात, आणि एखाद्यास दोन ओळींचे पत्र लिहावयाचे असेल तर “एक लाईन टाका” असे म्हणतात. पस्तीस वर्षांत आम्ही सौसरला तशी एकही टाकली नव्हती.

मुंबईस परतल्यावर आमच्या शेजारच्या कोंकणी गृहस्थांना आम्ही ही हकीकत सांगितली. ते म्हणाले, “आमच्याकडे ओळीला वळ म्हणतात; पण मला एक आठवले. पोर्तुगिजांच्या भाषेत लाईनीला ‘लिन्या’ म्हणतात, आणि शिवणाच्या दोऱ्यालाही लिन्याच म्हणतात.” आम्ही कोश उघडून पाहिला. लाईन हा शब्द लॅटिनमधील ‘लिनेआ’वरून आला आहे, आणि लिनेआ म्हणजे तागासारख्या धाग्याची दोरी, तो धागा ज्या झाडाचा, त्याचे नाव ‘लिनुम’. लिनुम म्हणजे अळशी, म्हणजेच आपले जवस. ज्याला आपण तेलासाठी आणि चटणीसाठी पेरतो, त्याच्याच काडीपासून तिकडचे लोक धागा काढीत, तो ताणून सरळ रेघ मारीत, आणि त्या धाग्याचेच नाव पुढे रेघेला मिळाले. आपल्या सुताराने आणि गवंड्याने तरी वेगळे काय केले? सूत म्हणजे धागा, आणि सूत म्हणजे सरळ रेघ. म्हणजे ज्या शब्दाच्या आधाराने आम्ही भावाभावांत धुरा घातला, तो मुळात बांधण्याचा धागा होता. आणि आत्याने ज्या दिवशी आमच्या पदरात आमची चूक घातली, त्या दिवशी तिने वाटीत त्याच धाग्याचे बी कुटून वाढले होते. तिला यातले काहीच ठाऊक नव्हते. तिला फक्त ओळ कशाला म्हणतात ते ठाऊक होते.

कोश वाचून माणूस शहाणा होतो, पण कोशात क्षमा मागण्याची रीत दिलेली नसते. दिवाळीनंतर आम्ही सौसरला गेलो. मधल्या काळात, ५ ऑक्टोबर २०२३ रोजी, पांढुर्णा आणि सौसर हे तालुके छिंदवाड्यातून काढून पांढुर्णा हा नवा जिल्हा झाला होता. आमच्या मुलखातून आणखी एक लाईन गेली होती. बसमधील लोक तिचीच चर्चा करीत होते. चर्चा मराठीत होती आणि मधूनमधून हिंदीत. लाईन हा शब्द दोन्हींत येत होता.

मोठ्याबाबांचा मुलगा आमच्याहून सहा वर्षांनी मोठा. आम्ही त्याला दादा म्हणतो. तो ओसरीवर बसून नव्या रोपांचा हिशेब करीत होता. आम्ही नमस्कार केला आणि उभ्याउभ्याच सांगितले, “दादा, झाडे तुमची होती. आजोबा ओळ म्हणाले होते. आत्याने सांगितले. कागदाचा खोटा अर्थ आम्ही लावला, वडिलांनी नव्हे.”

दादांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, “आम्हाले माहीत होतं. आमचे बाबा शेवटपर्यंत म्हनत, धाकट्यानं हे केलं नाही, हे मुंबईहून आलं.” आणि थोड्या वेळाने, “बस ना. उभा काहून?”

सोळा हंगामांच्या पैशाची गोष्ट आम्ही काढली. त्यांनी ती ऐकून घेतली नाही. “झाडं वाळली, बाप गेले, आता कोनाचा हिशेब करतो?” असे म्हणून त्यांनी आम्हांस वावरात नेले. जेथे ती ओळ होती, तेथे तुरी उभ्या होत्या. जुना नळ ठिकठिकाणी फुटून निकामी झाला होता. दादा नवी संत्री लावीत होते आणि त्यांना ठिबकाचे पाणी आमच्या हिश्श्यातून न्यावयाचे होते. ते म्हणाले, “तू आलाच आहे तर सांगतो. मले तुझ्या वावरातून एक लाईन टाकू दे.”

आम्ही विचारले, “दादा, कोणती लाईन?”

ते क्षणभर आमच्याकडे पाहत राहिले आणि मग इतके हसले की, तुरीतल्या चिमण्या उडाल्या. आम्हीही हसलो. परंतु प्रश्न आम्ही थट्टेने विचारला नव्हता, आणि त्यांनीही उत्तर थट्टेने दिले नाही. ओसरीवर परत येऊन आम्ही दोघांनी एक कागद केला. प्रथम मराठीत लिहिला. त्यात धुऱ्याला धुरा म्हटले, नळाला नळ म्हटले, आणि नव्या झाडांच्या ओळीला ओळ. नंतर त्याची हिंदी प्रत केली, आणि तिच्यात ‘कतार’, ‘मेड़’ आणि ‘पाइप’ असे तीन वेगळे शब्द घातले. दोन्ही प्रती आत्याला वाचून दाखविण्यासाठी पांढुर्ण्यास नेल्या, कारण या खेपेस साक्षीदार म्हणून तिचे नाव आहे. तिने दोन्ही शेवटपर्यंत ऐकल्या आणि अंगठा न करता सही केली. सही करावयास तिला पुष्कळ वेळ लागला. आम्ही दोघेही तेथेच बसून राहिलो.